खड्डे काढणारे गिरमिट आणि खांद्यावरचा गमछा

काही वर्षांपूर्वी भर दुपारी एका तरुणाला उचलून माझ्या दवाखान्यात आणले. डाळिंबाच्या लागवडीसाठी ट्रॅक्टरच्या गिरमिटाने खड्डे काढणे चालू होते. कठीण जमिनीत गिरमिट शिरेना, म्हणून हा वरून जोर द्यायला दांड्यावर रेलला. खांद्यावरचा गमछा शाफ्टमध्ये गेला आणि त्यामागोमाग हात. तालुक्याहून पुढे मोठ्या रुग्णालयात नेल्यावर जीव वाचला, उजवा हात मात्र गेला. "डॉक्टरसाहेब, ट्रॅक्टर लगेच बंद केला होता हो," असे त्याचे वडील पुन्हा पुन्हा सांगत होते.

ते खरेच असेल. पण 'लगेच' पुरत नाही. ट्रॅक्टरमागचा पीटीओ शाफ्ट मिनिटाला साधारण 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. तीन इंच जाडीच्या शाफ्टवर एका सेकंदात सुमारे दोन मीटर कापड गुंडाळले जाते. चालकाने पाहून क्लच दाबेपर्यंत अख्खा गमछा आत गेलेला असतो. खालचे गिरमिट सावकाश फिरते, म्हणून ते निरुपद्रवी वाटते. परंतु गिअरबॉक्समध्ये वेग जितका कमी होतो, तितका जोर वाढतो.

शेतकरी बंधूंनी पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

1) यंत्राजवळ गमछा, मफलर, ओढणी, मोकळा पदर, सैल बाह्या नकोत. केस बांधलेले असावेत. शाफ्टवरचे संरक्षक आवरण काढून ठेवू नये.

2) यंत्र चालू असताना वीस-पंचवीस फुटांच्या आत कोणी थांबू नये. लहान मुलांना तर शेतातच आणू नये. चालकाने आसनावरूनच काम करावे.

3) गिरमिट शिरत नसेल तर त्यावर रेलणे, लोंबकळणे, उभे राहणे हा जिवाशी खेळ आहे. पाती झिजली आहेत का ते यंत्र बंद करून पाहावे.

4) दगड लागल्यावर मोडावा म्हणूनच शिअर बोल्ट मुद्दाम कमजोर केलेला असतो. त्याच्या जागी लांब, कडक बोल्ट टाकू नये. बाहेर आलेले टोक कपड्याला आकड्यासारखे पकडते.

5) गिरमिट अडकल्यास पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात. फिरणे पूर्ण थांबल्यावरच खाली उतरावे आणि पाइपपान्याने गिरमिट हाताने उलटे फिरवून सोडवावे.

6) काढलेले खड्डे उघडे ठेवू नयेत. रात्री त्यात पाय मोडलेले रुग्णही माझ्याकडे आले आहेत.

एवढे करूनही अपघात झालाच, तर आधी इंजिन बंद करावे. अडकलेल्याला ओढू नये, यंत्र उलटे फिरवू नये. रक्तस्रावावर स्वच्छ कापडाची घडी घट्ट दाबून धरावी आणि सारखी उचलून पाहू नये. तेवढ्याने रक्त थांबेना, तर जखमेच्या वर रुंद पट्टा आवळून बांधावा व बांधल्याची वेळ लिहून ठेवावी. हळद, माती, कॉफी जखमेत भरू नये. शस्त्रक्रियेसाठी भूल द्यावी लागते, म्हणून खायला-प्यायला काही देऊ नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

तुटलेला अवयव स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावा व ती पिशवी बर्फात ठेवावी. अवयव थेट बर्फावर ठेवल्यास पेशी मरतात. हात जोडण्याची आशा असेल तर सहा तासांच्या आत शल्यचिकित्सकापर्यंत पोहोचायला हवे. जखम लहान असली तरी धनुर्वाताच्या इंजेक्शनाबाबत डॉक्टरांना विचारावे.

तो तरुण आता डाव्या हाताने सही करतो. त्यांच्या शेतात गिरमिट सुरू होण्यापूर्वी वडील बांधावर उभे राहून सगळ्यांचे गमछे उतरवून घेतात. आपण हे काम अपघाताची वाट न पाहता आजच सुरू करावे.