नवागामचे घर आणि प्रकल्पाचे गणित

सुरतेत उधन्याच्या पलीकडे नवागाम-डिंडोलीचा भाग लागतो. तेथल्या गल्ल्यांतून गुजरातीच्या जोडीने मराठी आणि अहिराणी सहज कानी पडते. तापीखोऱ्याच्या लोहमार्गाने जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली कुटुंबे मागावर, साडीच्या कामावर, गवंडीकामावर येथे स्थिरावली. त्यांची मुले आता विद्यापीठात जातात आणि विषयांच्या यादीत 'प्रकल्प-व्यवस्थापन : परिचय' असे नाव दिसले की थबकतात. हा विषय मोठ्या कंपन्यांतील साहेबांचा. माग चालवणाऱ्याच्या मुलाला तो घेऊन काय करायचे, असे घरचेही विचारतात. प्रश्न रास्त आहे. एका सत्राची फी म्हणजे घरातील कोणाच्या तरी कित्येक रात्रपाळ्या असतात.

तेव्हा या अभ्यासक्रमात शिकवतात तरी काय, ते पाहू. पहिल्याच तासाला सांगतात की, ज्याला आरंभ आहे, अंत आहे, ठरावीक पैसा आहे आणि जे पूर्वी नेमके तसेच केलेले नाही, ते काम म्हणजे प्रकल्प. माग रोज चालतो, तो प्रकल्प नव्हे. परंतु नवे माग आणून बसवणे हा प्रकल्प होय. आणि नवागामातील घरावर एक खोली चढवणे, हाही होय. हेच उदाहरण घेऊ.

समजा, आखाजी आटोपून २५ एप्रिलला काम सुरू झाले. भिंतींना १० दिवस, स्लॅबच्या सेंट्रिंगला ४, सळ्या बांधून विजेच्या नळ्या टाकण्यास ३, काँक्रीट ओतण्यास १. मग पाणी मारीत १४ दिवस थांबायचे. फळ्या काढल्यावर गिलाव्यास ६ आणि दारे-खिडक्या बसविण्यास २ दिवस. बेरीज ४०, म्हणजे ३ जून. मृग ७ जूनच्या सुमारास लागते. हाती उरले तीन-चार दिवस!

सुताराला दारे-खिडक्या करण्यास १२ दिवस लागतात. पण त्याचे काम भिंतींबरोबरच सुरू करता येते आणि ती लागतात अडतिसाव्या दिवसानंतर. म्हणजे सुताराला २६ दिवसांची सवड आहे. गवंड्याला एकाही दिवसाची नाही. गवंडी दोन दिवस लांबला, की सारे घर दोन दिवस लांबले. असे असता आपल्याकडे ओरडा कोणावर होतो? सुतारावर, कारण तो रिकामा दिसतो. त्याला जादा पैसे देऊन दारे लवकर करून घेतली, तर ती धूळ खात पडतील आणि घर एका तासानेही लवकर होणार नाही. तोच पैसा दुसऱ्या गवंड्यावर घातला आणि भिंती १० ऐवजी ६ दिवसांत झाल्या, तर चार दिवस पदरात पडतात. दहा मजूर वाढवले तरी सिमेंट मात्र लवकर पक्के होत नाही.

ज्या साखळीत सवड नाही, तिला निर्णायक मार्ग म्हणतात. ती शोधण्याची रीत १९५७ साली अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीच्या मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडच्या जेम्स केली यांनी बसविली. पुढच्याच वर्षी तेथील नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी तिच्यासारखीच दुसरी रीत काढली. आपल्या परिचयाचे उदाहरण हवे असेल, तर कोकण रेल्वे पाहा. काम १९९० मध्ये हाती घेतले, रोहा-वीर हा टप्पा १९९३ मध्ये खुलाही झाला. परंतु गोव्यातील पेडण्याच्या बोगद्यात मऊ माती पुन्हा पुन्हा ढासळली आणि बाकी मार्ग जोडला जाऊनही अखंड गाडी धावण्यास १९९८ चा जानेवारी उजाडला. शेकडो किलोमीटर मार्ग एका बोगद्यासाठी खोळंबला.

नौदलाच्या रीतीत एक खुबी आहे. ती कामाचे दिवस एका आकड्यात मागत नाही, तीन आकडे मागते. सुतार म्हणतो, सारे जमले तर ९, बहुधा १२, आणि लाकूडच आले नाही तर २७. मधल्या आकड्याची चौपट करून तिघांची बेरीज घ्यावी आणि सहाने भागावे. येतात १४. सुतार खोटे बोलला नव्हता. आपणच त्याला एक आकडा विचारला होता.

अभ्यासक्रमात आणखी पुष्कळ असते : आडव्या पट्ट्यांचे वेळापत्रक, खर्चाचा अंदाज, धोक्यांची यादी. ते पुस्तकातून कळते. कामाची व्याप्ती आधी लिहून ठेवावी, हा पाठ मात्र पुस्तकात साधा वाटतो आणि घरात फार कठीण जातो. स्लॅब पडतोच आहे तर गॅलरीही काढून घ्या, असे मामा सहज म्हणतात. त्यात आठ दिवस आणि पतपेढीचा एक हप्ता जातो. मामांना नाही म्हणायचे कसे, हे कोणताही प्राध्यापक शिकवीत नाही. निदान गॅलरीची किंमत दिवसांत आणि रुपयांत त्यांच्यापुढे मांडता येते.

माझे मत विचाराल तर हा विषय अवश्य घ्यावा; मात्र पाठांतरासाठी नव्हे. फी जड वाटत असेल, तर केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या संकेतस्थळावर याच विषयाची व्याख्याने विनामूल्य ऐकता येतात. परीक्षेस बसायचे असेल तरच शुल्क पडते. सत्राअखेर बहुधा एक प्रकल्प आखून द्यावा लागतो. तेथे विद्यार्थी विमानतळ किंवा मॉल निवडतात आणि आकडे मनाचे घालतात. त्यापेक्षा आपल्या गल्लीत चालू असलेले बांधकाम घ्यावे, वही घेऊन गवंड्यापाशी जावे आणि भिंतींना किती दिवस लागतील ते विचारावे. तो हातातली थापी न ठेवताच म्हणेल, "विटा कधी पडणार ते आधी सांगा; मग दिवस सांगतो."