सण शाळेचा, आनंद गावाचा

वसईच्या पश्चिम पट्ट्यात केळीच्या बागांमधून जाणारा रस्ता धरला, की थोड्याथोड्या अंतरावर एक चर्च, चर्चसमोर मैदान आणि मैदानाच्या कडेला शाळा असे दृश्य दिसते. पोर्तुगीजांनी १५३४ मध्ये वसई घेतली. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने ती जिंकली. सत्ता गेली, पण येथील ख्रिस्ती समाजाचा धर्म राहिला आणि त्याची मराठीही राहिली. घरात सामवेदी किंवा वाडवळी बोली आणि चर्चमध्ये मराठी प्रार्थना, अशा वातावरणात ही मुले वाढतात. अशा गावातल्या कॅथलिक प्राथमिक शाळेत वर्षभर जे समारंभ होतात, त्यांच्याकडे आपण सहसा ‘मुलांची गंमत’ म्हणून पाहतो. परंतु थोडे थांबून पाहिले, तर त्या गमतीमागे बराच विचार असल्याचे दिसून येते.

या शाळेला दोन पंचांगे असतात. एक सर्व शाळांचे आणि दुसरे चर्चचे. कधी कधी ती एकाच दिवशी भेटतात. १५ ऑगस्ट हा स्वातंत्र्यदिन, आणि त्याच तारखेला पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण. सकाळी मिस्सा आणि त्यानंतर झेंडावंदन, असा दुहेरी आनंद मुलांना मिळतो. ५ सप्टेंबर हा डॉ. राधाकृष्णन यांचा जन्मदिवस १९६२ पासून शिक्षकदिन म्हणून पाळला जातो. १९९७ साली मदर तेरेसा यांचे निधन याच तारखेला झाले. २०१६ मध्ये त्यांना संतपद मिळाले. त्यामुळे एकाच परिपाठात दोघांविषयी बोलता येते.

नाताळची तयारी म्हणजे गोठ्याची तयारी. ही प्रथा संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेच्यो गावी मांडलेल्या देखाव्याशी जोडली जाते. बेथलेहेम न पाहिलेल्या खेडुतांना तो प्रसंग डोळ्यांसमोर दिसावा, हा त्यांचा हेतू. आमच्याकडची मुले भाताचा पेंढा, माती आणि केळीची सोपटे आणून तेच करतात. बेथलेहेमच्या गोठ्याला वसईच्या गोठ्याचा वास येतो, आणि तो यावा हेच योग्य. मग घरोघरच्या नेवऱ्या आणि कलकल डब्यांतून शाळेत येतात व सर्वांच्या हातांवर पडतात.

फेब्रुवारीत संत गोन्सालो गार्सिया यांचे स्मरण होते. ते याच वसईचे. फ्रान्सिस्कन संघाचे ब्रदर म्हणून ते जपानमध्ये होते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे ज्या २६ जणांना क्रुसावर देऊन मारण्यात आले, त्यांत ते होते. १८६२ मध्ये त्यांना संत घोषित करण्यात आले. मुलांना मरणापेक्षा त्यांच्या जगण्यातली एक गोष्ट अधिक समजते. त्यांना जपानी भाषा उत्तम येत होती आणि ते दुभाष्याचे काम करीत. आपल्या गावचा एक मुलगा परक्यांची भाषा शिकून दोन माणसांमधला पूल झाला, एवढे कळले तरी तो दिवस सार्थकी लागला.

राखेच्या बुधवारपासून उपवासकाळ सुरू होतो आणि उत्सवाचा सूर बदलतो. वर्गात एक डबा ठेवतात. खाऊच्या पैशातील काही नाणी त्यात टाकायची आणि ती गरजूंना द्यायची. ईस्टर मात्र दरवर्षी वेगळ्या तारखेला येतो. वसंतसंपाताच्या म्हणजे २१ मार्चच्या दिवशी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार, असा त्याचा ठोकताळा आहे. तिथीवर सण ठरवणाऱ्या आपल्या मुलांना हे चटकन उमगते.

आता एक नाजूक प्रश्न. या वर्गांत सर्व धर्मांची मुले असतात. मग हे सण कोणाचे? राज्यघटनेच्या ३०व्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना आपल्या शाळा स्थापन करून चालवण्याचा हक्क दिला आहे. त्याचबरोबर २८व्या अनुच्छेदाने असेही सांगितले आहे, की मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीवाचून कोणत्याही मुलाला धर्मशिक्षण वा उपासनेत भाग घ्यायला लावता येणार नाही. हे कलम मला पुस्तकात पुष्कळ उशिरा भेटले. त्याचा अर्थ मला तिसरीतच कळला होता.

आमचे घर ख्रिस्ती नाही. नाताळच्या नाटकात मला देवदूताचे काम मिळाले, तेव्हा वर्गाच्या बाई संध्याकाळी घरी आल्या. ओट्यावर बसून आईला म्हणाल्या, “वहिनी, तुमच्या मनात नसेल तर तसं सांगा. तिला पडद्यामागचं काम देऊ, तिचं काही अडणार नाही.” आई म्हणाली, “नाटकच आहे ना, बाई? करू दे की. फक्त पंख घरून आणायला सांगू नका.” पंख शाळेतच झाले, जुन्या वर्तमानपत्रांचे, वर चुना लावलेले. त्या पंखांइतकी ऐट मला पुढे कशाचीच वाटली नाही.

याउलट, पुढे दुसऱ्या एका शाळेत स्नेहसंमेलनाच्या नाचासाठी भाड्याच्या पोषाखाचे पैसे मागितले गेले. माझी एक मैत्रीण तीन दिवस शाळेत आलीच नाही. ताप आला होता, असे ती म्हणाली. आम्ही सगळ्यांनी ते खरे मानल्याचे दाखवले. समारंभ झकास झाला, असे सर्वजण म्हणाले!

समारंभाची कसोटी इथेच लागते. रंगमंच किती मोठा, पाहुणे कोण, याला फारसे महत्त्व नाही. एकाही मुलाला त्या दिवशी घरी बसावेसे वाटले नाही ना, एवढेच पाहावे. बाईंनी ओट्यावर येऊन विचारले, त्यात घटनेतले कलमही होते आणि शेजारधर्मही होता.

आज पालकांचा ओढा इंग्रजी माध्यमाकडे आहे आणि गावोगावच्या मराठी शाळांचे वर्ग रोडावत आहेत. गोव्यात १६१६ साली फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले, ते मराठी ओव्यांत. ज्या परंपरेने एवढ्या जुन्या काळी मराठीवर जीव लावला, तिच्या शाळांत ती भाषा मुकी होऊ नये, असे मनापासून वाटते. वर्ग राहिले, तर गोठा राहील. आणि गोठ्याशेजारी वर्तमानपत्राचे पंख लावून उभी राहणारी, कोणत्याही घरची, एखादी मुलगीही राहील.