घराखालची ओल

जूनमध्ये हॉस्टेलच्या तळमजल्यावरची फरशी अचानक ओली दिसते आणि आपण रूममेटकडे संशयाने बघतो. पाणी कुणीच सांडलेलं नसतं. बाहेरची दमट हवा आत येते, थंड फरशीला लागते आणि तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं. फ्रिजमधल्या बाटलीला घाम येतो ना, तसंच. हे सगळं मला माहीत होतं. तरीही गेल्या वर्षी मी माझ्या मावसबहिणीला साफ चुकीचा सल्ला दिला.

ताई अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनात राहते. तिकडच्या बऱ्याच घरांना आपल्यासारखं भराव घातलेलं जोतं नसतं. ठेंगण्या भिंतींवर लाकडी जमीन टाकतात आणि तिच्याखाली दोन-तीन फुटांची पोकळी राहते. तिला म्हणतात क्रॉल स्पेस. (मराठी शब्द खूप शोधला. 'रांगायची जागा' म्हटल्यावर रूममेट दहा मिनिटं हसत होता.) ऑगस्टमध्ये ताईच्या हॉलमधल्या फळ्या फुगून वर आल्या, घरभर कुबट वास. कर्ज काढून नुकतंच घेतलेलं घर! मी इंजिनिअरच्या थाटात सांगितलं, "ताई, खालच्या जाळ्या उघड्या ठेव, हवा खेळती राहू दे." जाळ्या उघड्याच होत्या, आणि गोची तिथेच होती.

थोडं गणित बघू. बाहेर ३२ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेचा दवबिंदू साधारण २३ अंश येतो. घराखालची जमीन थंड, वर एसी चालू, त्यामुळे खालचं लाकूड आणि पाइप २२ अंशांवर असू शकतात. म्हणजे जाळीतून येणारी हवा ओल वाळवत नाही, उलट पाणी आणून देते! लाकडात २० टक्क्यांच्या वर ओल टिकली की बुरशी आणि कुजणं ओघानं आलंच.

हे नुसतं कागदावरचं नाही. त्याच राज्यातल्या प्रिन्सव्हिल गावात २००१ पासून बारा सारख्या घरांवर प्रयोग झाला. बंद क्रॉल स्पेसवाली घरं उन्हाळ्यात जास्त कोरडी राहिली, वर विजेचीही बचत झाली. आज अमेरिकेतल्या बांधकाम नियमांतही काही अटींवर बंद पद्धत चालते.

पण आधी जाळ्या बुजवून मोकळं व्हायचं नाही हं! पहिलं काम पावसाच्या पाण्याचं. पन्हळीचं पाणी पायापासून लांब सोडायचं, अंगणाला घरापासून बाहेर उतार द्यायचा, पहिल्या दहा फुटांत सहा इंच. मग मातीवर जाड प्लॅस्टिकचा कागद, जोडावर सहा इंच एकावर एक, आणि कडा भिंतीवर चढवून चिकटवलेल्या. उघडी माती दिसत नसली तरी सतत वाफ सोडत असते, म्हणून यात कंजूषी नको. त्यानंतर जाळ्या बंद आणि आत डीह्युमिडिफायर. खाली गॅसवर चालणारी भट्टी किंवा गीझर असेल तर मात्र जाणकाराला विचारल्याशिवाय काहीच बंद करू नये, कारण ज्वलनाला हवा लागते. वाळवीसाठी भिंतीच्या वरच्या बाजूला तीन इंच पट्टा उघडा ठेवतात, तपासणाऱ्याला दिसावं म्हणून.

ताईने हे सगळं करून घेतलं. आता खालचं मीटर ५२ टक्के दाखवतं. फळ्या बऱ्याचशा बसल्या. सोफ्याजवळची एक अजून वर आहे, आणि तिला घरात माझंच नाव पडलंय.