कावर्ड म्हणजे शेपूटवाला!

बालमित्रांनो, इंग्रजीच्या पुस्तकात ‘कावर्ड’ हा शब्द तुम्ही वाचला असेल. अर्थ सोपा, भित्रा किंवा भ्याड. स्पेलिंगची पहिली तीन अक्षरं पाहिलीत का? सी, ओ, डब्ल्यू. म्हणजे काऊ! मग तुम्ही म्हणाल, गाय गरीब असते, म्हणून भित्र्याला गायीवरून नाव पडलं असणार. पण इथंच आपण फसतो. या शब्दाचा गायीशी काही संबंध नाही. त्याचा संबंध आहे शेपटीशी!

लॅटिन भाषेत शेपटीला ‘काउडा’ म्हणतात. त्यावरून जुन्या फ्रेंच भाषेत ‘कूआर’ शब्द आला आणि पुढं इंग्रजीत त्याचा ‘कावर्ड’ झाला. शेवटचा ‘आर्ड’ हा नावं ठेवण्यासाठी जोडलेला तुकडा. दारुड्याला ‘ड्रंकार्ड’ म्हणतात, त्यातही तोच आहे. आठशेहून अधिक वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये रनार नावाच्या लबाड कोल्ह्याच्या गोष्टी लोक आवडीनं ऐकत. त्यातल्या सशाचं नाव काय होतं, ठाऊक आहे? कूआर! युरोपातल्या सरदारांच्या ढालींवर सिंहाची चित्रं असत. त्यात मागच्या पायांत शेपूट घातलेला सिंह असेल, तर त्याला आजही ‘लायन कावर्ड’ म्हणतात.

आता आपल्या मराठीकडे या. भांडणातून कुणी माघार घेतली की आपण काय म्हणतो? ‘घातली का शेपूट!’ कुठं रोम, कुठं फ्रान्स आणि कुठं आपलं जळगाव-धुळं! पण चित्र तेच. कारण कुत्रं सगळीकडं सारखंच वागतं. गल्लीतलं दांडगं कुत्रं गुरगुरलं की दुसरं शेपूट पोटाशी घेतं. त्यामुळं त्याच्या अंगाचा गंध झाकला जातो आणि समोरच्याला कळतं, की हा भांडणार नाही.

मराठीत असे शब्द भरपूर. ‘पळपुटा’ म्हणजे पळून जाणारा. ‘शेळपट’ म्हटलं की शेळी आठवते. ‘भ्याड’ आला भिण्यावरून. आणि ‘भित्री भागूबाई’ तर वर्गावर्गात असते! शब्दांची अशी मुळं खणण्याचं वेड इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना होतं. मराठी क्रियापदं आणि नामं कुठून आली, याचे त्यांनी कोश रचले. 1926 साली धुळ्यातच त्यांचं निधन झालं आणि 1927 मध्ये त्यांच्या नावानं तिथं संशोधन मंडळ उभं राहिलं.

पण दोस्तांनो, असा शब्द एखाद्याला चिकटवणं फार सोपं असतं. 1914 मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं, तेव्हा इंग्लंडमधल्या फोकस्टन गावी एका निवृत्त आरमारी अधिकाऱ्यानं एक टूम काढली. साध्या कपड्यांत दिसणाऱ्या तरुणांना बायकांनी पांढरं पीस द्यायचं. पीस म्हणजे ‘तू भित्रा!’ झुंजीच्या कोंबड्याच्या शेपटीत पांढरं पीस असलं, तर तो नीट लढत नाही, अशी तिकडं समजूत होती. पुन्हा शेपूटच! पण ही पिसं रजेवर घरी आलेल्या सैनिकांनाही मिळाली.

त्याच युद्धात ब्रिटिश सैन्यानं पळून जाणं, भ्याडपणा अशा गुन्ह्यांसाठी आपल्याच 306 सैनिकांना गोळ्या घातल्या. तोफांच्या माऱ्यानं त्यांच्यातल्या अनेकांची मनं पार खचली होती. ते भित्रे नव्हते, आजारी होते. त्यांना माफी मिळाली ती 2006 साली. नव्वद वर्षांनी!

म्हणून ‘कावर्ड’चं मूळ नीट लक्षात ठेवा. तो शब्द भीतीबद्दल बोलतच नाही, बोलतो शेपटीबद्दल. आत काय वाटलं यापेक्षा, वेळ आली तेव्हा तुम्ही काय केलंत, हे तो विचारतो. केळीच्या बागेत साप दिसला आणि तुम्ही लांब झालात, तर तो शहाणपणा. पण मित्रावर खोटा आळ आला, खरं तुम्हाला ठाऊक आहे, आणि तरी तुम्ही मान खाली घालून बसलात, तर मात्र शेपूट घातलीत!

आपल्या खानदेशातलंच उदाहरण पाहा. नंदुरबार आज वेगळा जिल्हा आहे, पण 1998 पर्यंत ते धुळे जिल्ह्यात होतं. 9 सप्टेंबर 1942 रोजी तिथं ‘चले जाव’चा मोर्चा निघाला. पोलिसांनी गोळीबार केला. त्यात शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार साथीदार गेले. शिरीषकुमार होता अवघा पंधरा वर्षांचा. तुमच्या दादाएवढा! समोर बंदुका रोखलेल्या असताना त्याची छाती धडधडली नसेल, असं कोण म्हणेल? पण हातातला तिरंगा त्यानं सोडला नाही आणि पाठही दाखवली नाही.

तेव्हा पुढच्या वेळी भाषणाला उभं राहताना पाय लटपटले, तर लाजू नका. लटपटत्या पायांनी उभं राहता येतंच की! आणि शेजारचा घाबरला, तर त्याला भागूबाई म्हणण्याआधी जरा थांबा. अहिराणीत त्याच्या कानात हळूच विचारा, ‘कसाले घाबरस रे भाऊ?’ आणि त्याच्याजवळ उभे राहा.