नफा सापडतो कोपऱ्यावर

बचत गटाकडे दिवाळीच्या फराळासाठी कामाचे 40 तास आहेत आणि किलो-किलोचे 30 डबे. किलोभर चकलीला 2 तास लागतात, शंकरपाळ्यांना 1. किलोमागे नफा अनुक्रमे 90 आणि 60 रुपये. काय किती करावं?

चकली 'क्ष' किलो, शंकरपाळे 'य' किलो धरले, की अटी होतात: 2क्ष + य ≤ 40 आणि क्ष + य ≤ 30. (उणे किलो कुणी तळत नाही, तरी क्ष ≥ 0, य ≥ 0 लिहायचंच, मुलं नेमकं तेच विसरतात.) आलेखावर रेषा काढून सगळ्या अटी पाळणारा भाग छायांकित करा. त्याचे कोपरे चार: (0, 0), (20, 0), (10, 20), (0, 30). 90क्ष + 60य मध्ये ते घातले की 0, 1800, 2100, 1800 येतात. म्हणजे 10 किलो चकली, 20 किलो शंकरपाळे. नुसत्या चकलीच्या मोहात पडलात, तर 300 रुपये गेले.

कोपरेच का तपासायचे? समान नफ्याच्या रेषा एकमेकींना समांतर असतात. अशी रेषा वर सरकवत नेली, की छायांकित भाग सोडताना ती शेवटी कोपऱ्याला टेकते. चकलीचा नफा 120 रुपये झाला, तर मात्र ती अख्ख्या कडेलाच चिकटते: (10, 20) आणि (20, 0) दोन्हीकडे 2400, मधल्या प्रत्येक बिंदूवरही तेवढेच.

तिसरा पदार्थ आला की सपाट कागद अपुरा पडतो. तिथून पुढे जॉर्ज डँट्झिग यांची 1947 सालची सिम्प्लेक्स पद्धत. तीही कोपऱ्या-कोपऱ्यानंच पुढे सरकते.