वेड लागल्यावरच जायचे असते का?

पंचेचाळिशीच्या एक बाई वर्षभर माझ्या दवाखान्यात येत होत्या. छातीत धडधड, मान जड, रात्री झोप नाही. ईसीजी, रक्तदाब, थायरॉईड, हिमोग्लोबिन सारे व्यवस्थित. मी कधी बी-कॉम्प्लेक्स दिले, कधी झोपेची गोळी. एके दिवशी गर्दी नव्हती म्हणून विचारले, "घरी कसे चालले आहे?" बाई रडूच लागल्या. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, कपाशीचे कर्ज डोक्यावर, मुलगा परीक्षेत नापास.

मी येथील कस्तुरबा रुग्णालयातील मानसोपचार विभागाचे नाव काढले, तशा त्या दचकल्या. "डॉक्टरसाहेब, मी पागल आहो का जी?"

वाचकहो, पाय मुरगळला तरी आपण डॉक्टरकडे जातो, मोडण्याची वाट पाहत नाही. मग मनाच्या बाबतीतच का थांबावे? मानसोपचार म्हणजे केवळ गोळ्या किंवा शॉक नव्हे. बोलण्यातूनही उपचार होतो. साधारणपणे आठवड्यातून एकदा, पाऊण तास, काही आठवडे. तेथे कोणी उपदेश करीत नाही.

अमेरिकेतील अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवली. ती सांगते की, त्रास घटनेपेक्षा आपण तिचा जो अर्थ लावतो त्यातून अधिक होतो. मुलगा नापास झाला, ही घटना. 'आता सारे संपले', हा आपण लावलेला अर्थ. तो तपासता येतो, बदलता येतो. कर्ज त्याने फिटत नाही, पण हिशेब करण्याइतके डोके शांत होते.

बोभाट्याची भीती नको. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचा हक्क दिला आहे.

तपासण्या व्यवस्थित असूनही त्रास थांबत नसेल, किंवा दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक, कामातील लक्ष उडाले असेल, तर सल्ला घ्यावा. जीव द्यावासा वाटत असेल, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येते.

त्या बाई पाच-सहा वेळा जाऊन आल्या. सासूबाई आणि कर्ज आहे तेथेच आहे. पण नणंदेला सेवेची पाळी लावून द्यायला त्या शिकल्या, झोपेची गोळीही सुटली. परवा शेजारणीला घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "इंजेक्शन मागून द्या जी, आधी हिला घरचं विचारा."