पायाला न कळणारी झीज

संपादकांनी मला मासळीच्या मालमोटारींचा वृत्तांत आणावयास मालवणला धाडले होते. परंतु परतताना कसालपाशी, महामार्गालगतच्या एका गॅरेजच्या खड्ड्यात उभे राहून एक वयोवृद्ध मिस्त्री बोटभर लांबीची एक पिन ज्या निगुतीने उजेडाकडे धरून न्याहाळीत होते, ती पाहून मी थांबलो आणि तो सबंध दिवस तेथेच घालवला.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. १९५४ साली टेल्को आणि डाइमलर-बेंझ यांचा करार झाला व जमशेदपूरच्या मालमोटारी देशभर फिरू लागल्या. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली खरी. पण तिचा मार्ग किनाऱ्याला समांतर जाणारा, त्यामुळे कोल्हापूरकडे जाणारा चिरा (जांभा दगड) आणि मासळी आजही करूळ, फोंडा, आंबोली हे घाट चढूनच जातात, आणि त्या चढणीवर चालकाचा डावा पाय घडोघडी क्लचवर पडतो.

खड्ड्यावरच्या जुन्या गाडीत पायाचा तो दाब पेडलवरून आडव्या शाफ्टवर, तेथून आटे पाडलेल्या दांडीवर, पुढे क्लचच्या कवचाबाहेरच्या लिव्हरवर आणि अखेर आतल्या बेअरिंगवर पोहोचतो. बेअरिंग प्रेशर प्लेटची बोटे दाबते आणि इंजिन व गिअर यांचा संबंध तेवढ्यापुरता सुटतो. या साखळीच्या प्रत्येक सांध्यात एक पिन असते. मिस्त्रींच्या हातातली पिन मध्यावर एका अंगाने इतकी खाल्ली गेली होती की नखाला पायरी लागत होती, आणि ती ज्यातून निघाली त्या लिव्हरचे भोक गोल न राहता लांबट झाले होते.

हेल्पर पाना घेऊन दांडीच्या नटाकडे वळताच ते म्हणाले, “झिला, नटाक हात लावू नको. आधी पिना काढ.”

या हुकमामागचे मर्म त्यांनी मला समजावून दिले. बेअरिंग आणि बोटे यांच्यात सुमारे ३ मिलिमीटर फट लागते. तरफांच्या प्रमाणामुळे तीच पेडलपाशी सुमारे बारापट होऊन इंच-दीड इंचाची मोकळी चाल म्हणून पायाला जाणवते. नेमके माप गाडीगणिक निराळे. क्लच प्लेट झिजते तसतशी बोटे बेअरिंगकडे सरकून ही फट आटते. उलट पिना झिजल्या की पेडलची मोकळी चाल वाढते. आणि दोन्ही झिजा एकत्र आल्या म्हणजे पायाला चाल पूर्वीइतकीच भासते, आत मात्र फट जवळजवळ उरलेली नसते. गिअर करकरू लागला म्हणून घाईने नट आवळणारा मनुष्य पिनांची ढिलाई भरून काढण्याच्या नादात तीच उरलीसुरली फट खाऊन टाकतो. मग बेअरिंग बोटांवर सतत घासते, क्लच घसरतो, आणि भरल्या गाडीला भर घाटात जळका वास येतो. म्हणून मिस्त्री पेडलवर विसंबत नाहीत. पिना आणि बुश नवे घालून, ग्रीस भरून, ते कवचाबाहेरचा लिव्हर हाताने हलवून पाहतात, नट फिरवतात, चेकनट आवळतात आणि कॉटर पिन दरवेळी नवीच घालतात. शेवटी इंजिन चालू ठेवून रिव्हर्स गिअर टाकतात. तो निमूट पडला तरच गाडी खड्ड्यावरून हलते.

काम येथे संपत असते तर बरे होते. खाऱ्या हवेने पिन भोकाशी एकजीव झालेली असते, तिला तेल पाजून तासन्‌तास ठोकावे लागते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या या मुलखात तांबडा चिखल सांध्यांतले ग्रीस धुऊन नेतो. लांबट झालेले भोक लेथवर नेऊन पुन्हा गोल करावे लागते, आणि तोवर मालक फोनवर फोन करीत असतो. बाजारात मऊ सळईच्या पिनाही मिळतात. त्या एका हंगामातच खाल्ल्या जातात. नव्या गाड्यांत तेलाचा आणि हवेचा दाब हे काम करतो, म्हणून तरुण मुलांना ही विद्या शिकावीशी वाटत नाही. परंतु चिरा वाहणाऱ्या गाड्यांत अजून या जुन्या दांड्याच आहेत, आणि त्या भंगारात जाईपर्यंत कोणी तरी हे काम जाणणारा हवाच, याची मला मनापासून चिंता वाटते.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि पावसात चिऱ्याच्या खाणीही थंडावतात. मालमोटारींच्या मालकांना माझी विनंती एवढीच, की या एकसष्ट दिवसांतले दोन दिवस गाडी खड्ड्यावर उभी करावी आणि पिना पाहिल्यावाचून कोणालाही नट आवळू देऊ नये.